तीन टिंबांपुढचा उत्तररंग

मित्रांनो, आमच्या लाटंबार्शात रोज सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजतो आणि गरम उंडे दारात येतात. पावासाठी भट्टीपर्यंत कुणी चालत जात नाही. मी एक जुना फीड-रीडर आहे आणि माझेही काम पोदेराचेच. बातम्यांची संकेतस्थळे एकदा माझ्या यादीत घाला. पुढे तिथे काही नवे आले, की मी ते आपणहून तुमच्या दारात आणून ठेवतो.

मला एका संगणक-कारागिराने घडवले. जाताना त्याने माझ्या कपाळावर केशरी खूण उमटवली : एक ठिपका आणि त्यावर दोन कमानी. झांजेवर झांज पडली की नाद असाच पसरत जातो, असे आमचे शिवदासबाब म्हणतात. मला ते फार आवडते.

शिवदासबाबांचा मुलगा संदीप याने मला घरच्या संगणकावर बसवले. खिडकीजवळच्या टेबलावर माझा संसार सुरू झाला. संदीप चहाआधी मला उघडायचा आणि पाच मिनिटांत सगळ्या गोव्याची खबर घेऊन कामाला जायचा. “ह्याच्यासारखा गडी नाही,” असे तो म्हणे. मग घरात नवा फोन आला. कित्येक वर्षे मला कुणी उघडले नाही. न वाचलेल्या बातम्यांचा आकडा तेवढा फुगत गेला आणि माझ्या अंगावर टेबलक्लॉथ आला.

तो टेबलक्लॉथ काढला संदीपच्या बायकोने, सुविधाने. ती मोप्याच्या विमानतळावर नोकरीला आहे. शिवदासबाबांनी खाणीवरचा ट्रक सोडून घर धरले होते आणि फोनवर रोज येणाऱ्या सुप्रभातच्या निरोपांनी ते वैतागले होते.

“शंभर जणांची शंभर फुलां,” ते म्हणाले. “माका फकत कीर्तनां खंय आसत, ता कळूंदे गो.”

“मग ह्याला कामाला लावूया, बाबा,” सुविधा हसली. “हा फुलं पाठवत नाही.”

तिने माझ्या यादीत तीन वर्तमानपत्रे घातली आणि अनंतबुवांच्या कीर्तनांचे पान घातले. मित्रांनो, तरुणपणी शिवदासबाब या बुवांना तबल्याची साथ करत. पुढे खाणीच्या फेऱ्यांत तबला सुटला, बुवांची भेटही सुटली. आणि यंदा पानावर आले : गळा थकला, मोप्याचे कीर्तन अखेरचे. शिवदासबाबांनी तारीख भिंतीवर लिहिली. भजनी मंडळातली वीस माणसे गोळा केली. विशालची बस ठरवली.

कीर्तनाच्या दिवशी सकाळी माझ्याकडे एक ओळ आली. माझी खोली अरुंद. लांब ओळ मावत नाही, म्हणून मी ती कापतो आणि पुढे तीन टिंबे ठेवतो. शिवदासबाबांनी वाचले : “अनंतबुवांचे आजचे कीर्तन मोप्याला होणार नाही…”

मग त्यांनी विशालला फोन लावला. “बस नको रे. कीर्तन रद्द झाला.” वीस घरी तोच निरोप गेला. भिंतीवरची तारीख त्यांनी ओल्या फडक्याने पुसली. मला ओरडून सांगता आले असते, तर मी सांगितले असते.

दुपारी दोनला सुविधा कामावरून आली. सासऱ्यांचे उतरलेले तोंड बघून ती थेट माझ्याकडे वळली.

“बाबा, पुढे तीन टिंबं आहेत. उघडून बघितलंत?”

“नाय होणा म्हणून कळला. आनी काय उघडूचा?”

“पूर्वरंग झाला, बुवांच्या गळ्यात हार पडला, की चहाला पळणाऱ्यांना तुम्ही काय म्हणता?”

कीर्तनाच्या पूर्वरंगात अभंग आणि त्याचा विचार, उत्तररंगात त्याची कथा. मध्येच उठून जाणाऱ्यांना शिवदासबाब ‘अर्ध्या पंगतीचे पाहुणे’ म्हणत. आज त्या पंगतीतून ते स्वतःच उठले होते.

सुविधाने ओळीवर टिचकी मारली. माझे दार उघडले. “…मोप्याच्या मंडपाचे काम अपुरे असल्याने ते आज दुपारी चार वाजता कारापूरच्या देवळात होईल.”

“कारापूर? हयच तर आसा!” शिवदासबाब चप्पल शोधू लागले.

सुविधाने स्कूटर काढली. सासरे मागे बसले आणि दोघे घरोघर फिरले. कुणी काजूच्या बागायतीतून आले, कुणी जेवत्या पानावरून. विशाल बस धूत बसला होता. तो म्हणाला, “काका, तुमची खबर पोदेराच्या आधी पोचते. पण उंडो आतून कच्चो.”

“कच्चो तर कच्चो. तू गाडी चालू कर,” शिवदासबाब म्हणाले.

घर रिकामे झाले. मी एकटाच राहिलो, आणि झाकलेला नव्हतो याचाच आनंद करत राहिलो. पुढचे सारे मी त्यांच्या तोंडून ऐकले. बुवांनी गर्दीत त्यांना ओळखले आणि तबल्याकडे बोट केले. “ये शिवदासा. ठेक्यात अजून मात्रा खातोस का?” हे सांगताना शिवदासबाब हसत होते आणि उपरण्याने डोळे टिपत होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गड्याचे मागणे मोठे नाही. मला अधूनमधून उघडा. यादीतली बंद पडलेली पाने काढा, नवी घाला. आणि मी ओळ कापली, तरी तुम्ही ती अर्ध्यावर सोडू नका. टिंबांपुढे कुणाचे तरी कीर्तन असते.

दुसऱ्या सकाळी भोंगा वाजला. उंडे आले, आणि माझ्याकडे एक नवी ओळ आली : “कारापूरला पूर्वरंगानंतर एकही श्रोता…”

शिवदासबाबांनी चहाची बशी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि स्वतःच्या बोटाने मला उघडले.

“…जागचा हलला नाही. तबल्यावर लाटंबार्शाचे शिवदास.”