याकोबाची तहान

दुपारी चार वाजता जमीन उकळली, असं आमच्या दिग्रसच्या मिशनवस्तीत अजूनही सांगतात. सांगणारे खोटं बोलत नाहीत. जमीन उकळली होती. मी स्वतः पाच हातांच्या अंतरावर उभा होतो.

एकोणीसशे एकोणसाठचा मार्च होता. नाल्यापलीकडच्या आमच्या दफनभूमीत तीनशे तरी माणूस लोटलं होतं. जिनातले हमाल होते, कापसाचे दलाल होते, आणि रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसणारे आमचे भाविकही होते. मधोमध मातीबाबा. अंगाला माती, गळ्यात मातीच्या मण्यांची माळ आणि बोटात सोन्याची अंगठी. तिला तेवढी माती लागलेली नव्हती. बाबा माती चाखून खाली कोण झोपलंय ते सांगतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो, अशी कीर्ती पुसदच्या एस.टी.तून बाबाच्या आधीच येऊन उतरली होती.

बाबानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे फिरवले आणि सूर लावला. "वहीत ज्याचं नाव नाही, त्याला माती झोपू देत नाही. चाळीस वर्षं हा इथं तहानलेला पडलाय. बोल याकोब, पाणी पितोस का?"

याकोब काही बोलला नाही. मग बाबानं विमलला खूण केली. तिनं तांब्या उपडा केला. क्षणभर काहीच झालं नाही. मग माती फुगली, तडकली, फसफसली आणि भेगांतून वाफ वर आली. पुढच्या बाया जमिनीला टेकल्या. मागचे आणखी मागे सरकले.

विमल म्हणजे याकोबाची नात. पंचविशीतली विधवा, वस्तीत शिवणकाम करणारी. तिची एकुलती एक मुलगी एस्तेर, सात वर्षांची. एस्तेरला दोन वर्षांपासून फिट येत. यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि आठवड्याला चार येणाऱ्या फिट महिन्याला एकीवर आल्या होत्या. पण महिन्याला एकच आली तरी आईला तीच एक दिसते.

बाबा म्हणाला की पोरीची फिट म्हणजे पणज्याची तहान. अकरा दिवस रोज एक तांब्या पाणी घालायचं आणि तोवर डॉक्टरची गोळी बंद. मेलेला तहानलेला असताना जित्यानं औषध घेणं मातीला चालत नाही म्हणे. विमलनं कनवटीची गोळ्यांची बाटली काढली आणि त्या वाफाळत्या खड्ड्यात टाकली. बाबानं पायानं वर माती लोटली.

इथे मी माझी लाज सांगतो, कारण त्याशिवाय ही गोष्ट खोटी ठरेल. बाबाला याकोबाचं नाव मातीनं सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं होतं.

वस्तीतल्या शाळेचा मी मास्तर, आणि अक्षर बरं म्हणून आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्याही माझ्याकडे. त्या वर्षी मंडळीनं ठरवलं की ईस्टरपर्यंत प्रत्येक घरानं आपल्या माणसाच्या कबरीवर नावाचा दगड बसवावा. विमल आजोबांची जागा विचारायला आली. याकोब गाडीवान एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या तापसाथीत गेला, एवढंच तिला ठाऊक. मी वही काढली. नऊ ऑक्टोबरनंतर थेट दोन नोव्हेंबर. मधले तेवीस दिवस एकही नोंद नाही. देवळाच्या ओट्यावर वीसेक माणसं बसली होती. मी चष्मा पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "विमल, तुझ्या आजोबाचं, याकोबाचं, दफनच झालेलं नाही. वहीत नाही."

वहीत नाही, एवढंच म्हणायचा मला अधिकार होता. पहिलं वाक्य माझ्या शहाणपणाचं होतं. त्या ओट्यावर बाबाचा एक चेला भिंतीला टेकून बिडी ओढत बसला होता, हे मला फार उशिरा आठवलं. चार दिवसांनी बाबा वस्तीत आला आणि त्यानं माझंच वाक्य आपल्या तोंडून म्हणून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एस्तेरला दोन फिट आल्या. मी धावत गेलो. पोर चटईवर होती, ओठाला रक्त, डोळे अर्धे उघडे. ही गोळी एकदम बंद केली तर फिट पहिल्यापेक्षा जोरात उलटते, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मी विमलला त्याची आठवण करून दिली, हात जोडले, रागावलोही.

ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, तुमीच म्हनलं न, आजाले कोनं पुरलंच नाई. मंग कोठी गेला तो? कुत्र्यानं खाल्ला? मले तो दाखवा. तो कोठी झोपला हाये ते दाखवा, मी आत्ता गोळी देईन."

मी म्हणालो, गोळी तर दे, मग शोधू.

"नाई. आधी दाखवा. माही एकच पोर हाये."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती वेडी नव्हती, घाबरलेली होती, आणि तिला घाबरवणाऱ्यांत एक मी होतो. यवतमाळहून नव्या गोळ्या आणायला निरोप्या पाठवला आणि देवळात जाऊन वही उघडून बसलो.

पहिल्या वेळी मी फक्त नाव शोधलं होतं. आता एक एक रकाना वाचला. नाव, वय, तारीख, आजार, प्रार्थना कोणी वाचली, खड्डा कोणी खणला. नऊ ऑक्टोबरपर्यंत प्रार्थनेच्या रकान्यात एकच सही, तेव्हाच्या पाळकसाहेबांची. दोन नोव्हेंबरला पुन्हा तीच सही, पण अक्षर इतकं वाकडंतिकडं की ओळखू येईना. मग बाप्तिस्म्याची वही काढली. तिथेही तेच तेवीस दिवस कोरे. माणसं पुरली गेली नव्हती असं नव्हे, लिहिणारा माणूसच अंथरुणाला खिळला होता. आणि आमचे जुने पाळकसाहेब कडक शिस्तीचे. ज्याच्यावर स्वतः प्रार्थना वाचली नाही, त्याचं नाव वहीत घालणं त्यांना खोटी साक्ष वाटायचं. म्हणून बरे झाल्यावरही त्यांनी मागचं भरून काढलं नाही.

पण शेवटच्या रकान्यात त्याआधी आणि त्यानंतर एकच नाव होतं. खड्डा खणणारा, जलाल.

जलालला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. त्याची बायको रहमतबी गावच्या कब्रस्तानाजवळ मुलाकडे राहत होती. भर उन्हात सायकल मारत मी तिकडे गेलो. ऐंशीच्या घरातली म्हातारी दारात सुपात तूर पाखडत बसली होती. मी मानमोडी म्हणताच तिचं सूप थांबलं.

तिनं सांगितलं की त्या दिवसांत खांदा द्यायला माणूस उरला नव्हता. नाल्याला पाणी होतं, मिशनच्या जागेपर्यंत मुडदे न्यायचे कोणी? जलालनं मशिदीच्या पंचांना विचारलं आणि मिशनची माणसंही गावच्या कब्रस्तानाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात ठेवली.

"पण लिहून ठेवलं का कुठं?" मी विचारलं.

"न लिहता तो जेवत नव्हता," रहमतबी म्हणाली. "म्हने, वर गेल्यावर अल्ला इचारन, जलाल, कोनाले कोठी ठेवलं? मी काय सांगू? त्याले लिहता येत नव्हतं. मशिदीच्या पेशइमामाकडून रोजच्या रोज लिहून घ्याचा."

तिनं ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली, कापडात बांधलेली वही दिली. वही उर्दूत. तेवढ्यात तिचा मुलगा जफर, गवंडी, जेवायला घरी आला. त्यानं हात धुतले, पानं उलटली आणि बोट ठेवून वाचलं. एकवीस ऑक्टोबर. मिशनचा याकोब, गाडीवाला. पूर्वेच्या भिंतीपासून तिसरी ओळ, सातवी कबर. बायको तापात होती, तिनं बैलगाडीत बसूनच आपली प्रार्थना म्हटली.

मला रडू आलं. जफरनं पाणी दिलं आणि एवढी घाई कशाची, म्हणून विचारलं. मी बाबाचं, उकळत्या जमिनीचं सगळं सांगितलं. तो हसला नाही. उठला, अंगणातल्या ढिगातून पांढऱ्या दगडाचे चारपाच खडे घमेल्यात टाकले, वर माती पसरली आणि तांब्याभर पाणी ओतलं. माती फुगली, तडकली, वाफ निघाली.

"कळीचा चुना, मास्तर. आपली तर रोटीच याच्यावर हाये. बाबाचा एक मानूस मांगच्या हप्त्यात माह्याकडूनच टोपलंभर घेऊन गेलता. घर पोतायचं म्हने." मग त्यानं विचारलं, "दुसऱ्या दिवशी पानी टाकलं तवा उकळलं का?"

नव्हतं उकळलं. बाबा म्हणाला होता, आज याकोब शांत आहे.

"शांत नाई, इझला. कळी एकदाच उकळते."

आम्ही दोघं एका सायकलवर दफनभूमीत पोचलो तेव्हा बाबाची सभा भरलेली होती. विमल पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मी काही बोलण्याआधी जफरनं बाबापासून दहा पावलांवर, जिथे कधी कोणाला पुरलं नव्हतं तिथे, फावड्यानं वीतभर खड्डा केला, खडे टाकले, माती ओढली, पाणी ओतलं. जमीन उकळली. लोक इकडून तिकडे सरकले.

"इथं कोन तहानलं हाये, बाबा?" जफरनं विचारलं.

बाबा म्हणाला की हा म्लेच्छांचा जादूटोणा आहे, माती कोपेल. जफर तोवर बाबाचाच खड्डा उकरत होता. वर दह्यासारखा पांढरा चुना. त्यात गोळ्यांची फुटलेली बाटली. त्याखाली हातभर खोल कठीण मुरूम, ज्याला आजवर कुदळ लागली नव्हती. हाड नाही, लाकूड नाही, कोणी नाही. मी जलालची वही उघडून मोठ्यानं वाचली. बाबाचं बूड तिथून केव्हा उठलं ते कोणी पाहिलं नाही. माळ तेवढी तिथे राहिली.

विमलनं वहीवर हात ठेवला. "आजीनं परार्थना म्हनली?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. "मंग द्या गोळी," ती म्हणाली.

गोळ्या अजून आल्या नव्हत्या. आणि त्याच वेळी एस्तेरचं अंग ताठ झालं. ती फिट थांबली नाही. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. यवतमाळला कापसाच्या गाठी नेणारा ट्रक जफरनं रस्त्यात आडवा उभा राहून थांबवला. दारव्ह्याच्या पुढे पोरीचे ओठ निळे पडले. विमल तिच्या कानात एकच वाक्य म्हणत होती, "सापडला, माय, सापडला." मी खिडकीबाहेर पाहत बसलो, कारण आत पाहवत नव्हतं.

एस्तेर वाचली. डॉक्टर म्हणाले की तासभर उशीर झाला असता तर वाचली नसती, आणि तीन दिवस आधी गोळी चालू असती तर काहीच झालं नसतं. तिचा उजवा हात अधू राहिला. मग ती डाव्या हातानं लिहायला शिकली. शिकवलं मी.

जलालच्या वहीतून मिशनची अकरा नावं आमच्या दफनवहीच्या कोऱ्या जागेत मी उतरवली आणि प्रार्थनेच्या रकान्यात, याकोबापुढे, त्याच्या बायकोचं नाव लिहिलं. मशिदीच्या पंचांनी याकोबाच्या कबरीवर दगड बसवायला आनंदानं होकार दिला. तो जफरनं घडवला.

दगड बसवला त्या दिवशी एस्तेरनं डाव्या हातानं तांब्या उचलला आणि पणज्याच्या कबरीवर पाणी ओतलं. मग उकिडवी बसून बराच वेळ मातीकडे पाहत राहिली.

"काईच नाई झालं, मास्तर," ती म्हणाली.

नाही झालं. मातीवर पाणी ओतलं की माती ओली होते. याहून जास्त काही कोणी दाखवलं, तर बाबांनो, आधी खणून पाहा. एखादी गोष्ट माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा आणि शोधा. माझ्यासारखं त्या जागी आपलं वाक्य घालू नका, कारण तिथेच कोणीतरी चुना घालतो. आणि काहीही झालं तरी पोरांची गोळी चुकवू नका.