ओठ झाकून

माझ्या टेबलावर भरतकामाची एक गोल रिंग कायम पडलेली असते. कापड ताणून धरायला असते ना, ती. जळगावहून इंदूरला नोकरीसाठी निघाले तेव्हा आईच्या शिवणाच्या डब्यातून उचलून आणली आणि तिच्यावर पातळ काळं कापड चढवलं. मी बहिऱ्या मुलांना ऐकायला शिकवते. आवाज काढताना ही रिंग ओठांसमोर धरायची, म्हणजे मुलाला ओठ दिसत नाहीत, आवाज मात्र अडत नाही. मूल गालाशी लाकडी ठोकळा धरून वाट बघतं. ऐकू आलं की ठोकळा डब्यात टाकतं. नाही आलं तर धरून बसतं.

या खेळात मुलं खोटं बोलत नाहीत, आईबाप बोलतात. मूल गप्प राहिलं की मागून कोपरखळी मारतील, भुवया उडवतील, स्वतःच मान डोलावतील. अशांना मी सरळ खोलीबाहेर काढते. तुकोगंजातल्या आमच्या क्लिनिकात माझ्यामागे मला काय काय म्हणतात ते ठाऊक आहे, म्हणोत बापडे. खोट्या कौतुकानं कुठलंही मूल ऐकायला लागलेलं नाही.

लाजूच्या वडिलांना, परसरामना, मी पहिल्याच दिवशी बाहेर काढलं. लेकीला घेऊन ते पाकिस्तानातून, सिंधमधल्या सक्करहून, मेडिकल व्हिसावर आले होते. इंदुरात त्यांचे चुलते राहतात. चार वर्षांच्या लाजूच्या कानात ऑपरेशन करून यंत्र बसवलं होतं. एक भाग कातडीखाली, दुसरा कानामागे, आणि तिथून डोक्यावर चुंबकानं चिकटणाऱ्या चकतीपर्यंत एक बारीक वायर. आवाज त्या वायरीतूनच आत जायचा. लाजूची आई मात्र कोपऱ्यात न हलता बसायची, सगळं टिपून घ्यायची. काही दिवसांनी तिनं स्वतःची रिंग करून आणली, कडेला भरतकामातले बारीक आरसे लावलेली.

"घर पे भी कराऊँगी, मैडमजी. मुँह ढक के," ती म्हणाली. मला ती बाई फार आवडली.

लाजूला 'आ' ऐकू आला, 'ऊ' आला, 'म' आला. 'श' काही केल्या येईना, सगळ्यांत बारीक आवाज तो. मग एप्रिलमधल्या एका दुपारी मी रिंगेआडून 'श' म्हटलं आणि लाजूनं ठोकळा असा दणकन टाकला की डबाच खाली पडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रिसेप्शनवरच्या विजयभियानं, इंदुरात भैयाला भियाच म्हणतात, सगळ्यांना कचोरी खाऊ घातली.

त्याच आठवड्यात काश्मीरमध्ये अतिरेक्यांनी पर्यटकांना गोळ्या घातल्या. टीव्हीवर नवरे गमावलेल्या बायकांचे चेहरे बघून मी ढसाढसा रडले, आणि यांना धडा शिकवा असंही तोंडातून गेलं. धडा कुणाच्या वाट्याला येईल याचा विचार केला नव्हता. पाकिस्तान्यांचे व्हिसे रद्द झाले, मेडिकलचेसुद्धा. लाजूला जावं लागलं.

निघताना मी एक जादा वायर दिली आणि तिच्या आईला सांगितलं, यंत्र एक दिवसही बंद ठेवू नका. मेंदूला आवाज ओळखायची सवय लागते ती याच वयात. हे वय गेलं की पुढे यंत्र असूनही नुसता गोंगाट. ती मान हलवत राहिली. लाजू मला ठोकळा परत द्यायला विसरली आणि मीही मागितला नाही.

त्यानंतर आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर धडे सुरू झाले. बरे चालले होते. पण लहान मुलांच्या वायरी तुटतातच. पहिली तुटली, मग जादाचीही तुटली. तिकडे कराचीपर्यंत चौकशी झाली, या बनावटीची वायर कुठे मिळेना. इकडून पाठवावी तर टपाल बंद, कुरिअर बंद.

"मॅडम, तुम्ही टेन्शन नका घेऊ," विजयभिया म्हणाला. "दुबईत माझा साडू आहे ना, त्याच्याकडून करवून देतो. थोडा टाइम लागेल, बस."

साडूनं खरंच तिथून पार्सल केलं. ते तिकडच्या कस्टममध्ये पडून राहिलं आणि शेवटी दुबईलाच परत आलं. बोटभर वायर! बॉम्ब पाठवला असता तर आरामात पोचला असता, असं मी विजयभियावर ओरडले.

परवा दुपारी परसरामनी फोन लावला. लाजू वेणी घालून, नवा फ्रॉक घालून समोर बसली होती. डोक्यावर चकती चिकटवलेली होती. वायर नाही, काही नाही, तरी रोज सकाळी उठून ती स्वतःच लावते म्हणे. मला बघताच तिनं ठोकळा उचलला, गालाशी धरला आणि वाट बघू लागली.

काय करणार? मी सवयीनं रिंग ओठांसमोर धरली. 'आ' म्हटलं. ती वाट बघत राहिली. 'म' म्हटलं. तिनं ठोकळा या गालावरून त्या गालावर नेला, आपणच चुकीच्या बाजूला धरला असेल असं वाटून. मी मोठ्यानं म्हटलं, अगदी ओरडून म्हटलं. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला, पण ठोकळा काही तिनं सोडला नाही. खोटा टाकला नाही. हे मीच शिकवलं होतं तिला.

मी रिंग खाली घेतली. तोंड चांगलं मोठं उघडून तिला दिसेल असं म्हटलं, 'आ'.

ठोकळा डब्यात पडला. लाजू खुदकन हसली.

"सुन लिया!" मागून परसराम ओरडले. "बिना तार के सुन लिया इसने! मैडमजी, आपने देखा ना?"

लाजूची आई एकटक माझ्याकडे बघत होती. तिच्यामागे भिंतीला तिची आरशांची रिंग टांगलेली दिसत होती. आता ही बोलणार, मला खोलीबाहेर काढणार, असं वाटलं.

तिनं डब्यातून ठोकळा काढला आणि लाजूच्या हातात परत दिला.

"एक बार और, मैडमजी," ती हळूच म्हणाली. "ऐसे ही."