मतदानाला गेलेला चर्चचा बाक

उठू नका, बसा. बसल्या बसल्या ऐका. तुमच्याखालून बोलतोय तो मी, चर्चचा बाक. आयुष्यभर ऐकण्याचंच काम केलं. उपदेश ऐकले, गाणी ऐकली, उपदेश चालू असताना घोरणंही ऐकलं. आता मात्र गप्प बसवत नाही. गोड बोलणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म याच आवारात झाला. एक गोदाम पाडलं होतं, त्याच्या दारांच्या फळ्या सुतारानं आणल्या आणि त्यातून आम्ही नऊ भाऊ झालो. पाळकसाहेब म्हणाले, "पाठ सरळ ठेवा, म्हणजे लोक जागे राहतील." सुतार म्हणाला, "साहेब, आठवडाभर राबून येतात बिचारे. टेकू दे त्यांना." त्यानं पाठीला थोडा कल दिला. लोक पहिल्याच रविवारी झोपले. सुतारानं मला तिसऱ्या रांगेत ठेवलं आणि स्वतः चौथ्या रांगेत बसून माझ्याकडे कौतुकानं बघत राहिला.

माणसांना स्वर्गातल्या जागेपेक्षा बाकावरची जागा प्यारी. माझ्यावर तिघांची जागा तीस वर्षं पक्की होती. खिडकीकडे हेडमास्तर, मंडळीतले वडीलधारे. मधे त्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणायचे. आणि वाटेकडच्या टोकाला सिस्टर. सिस्टर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नगरपालिकेच्या दवाखान्यातली नर्स. उपासना चालू असताना कोणी धापा टाकत दाराशी आलं की ती उठायची, म्हणून तिला टोकाची जागा.

तो दवाखाना काही मोठा नव्हता. दोन खोल्या, एक खाट, एक उकळतं पातेलं. पण आसपासच्या पाच गल्ल्यांचा जीव त्यावर होता. काकूंना साखरेचा आजार. डाव्या पायाला जखम झालेली, ती भरता भरत नव्हती. दिवसाआड पट्टी बदलायला त्या हळूहळू चालत दवाखान्यात जायच्या. सिस्टर निवृत्त झाली तरी काकूंच्या पट्टीच्या वेळी तिथं हजर असायची. "नवीन पोरी चांगल्या आहेत, पण हा पाय माझा आहे," म्हणायची.

मग बातमी आली. दवाखाना पाडून तिथं दुकानांचे गाळे काढायचे, असा ठराव येणार होता. हा ठराव मांडायला निघालेला ठेकेदार आमच्याच वॉर्डातून निवडणुकीला उभा राहिलेला. चर्चमध्ये हळहळ झाली. प्रार्थनेच्या विनंत्यांच्या वहीत दवाखान्याचं नाव लिहिलं गेलं. सिस्टरनं वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन उमेदवारीचा अर्जही भरला.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर तिनं हे सांगितलं तेव्हा हेडमास्तर असे दचकले की मी खालून करकरलो.

"सिस्टर, तुम्ही? त्या चिखलात?"

"तीस वर्षं पू पुसलाय, सर. चिखलाचं काय घेऊन बसलात?"

"तसं नाही हो. पण आपण देवाची माणसं. आपलं खरं घर वर आहे. हे राजकारण वगैरे आपलं काम नव्हे."

"वर घर आहे, मान्य. पण काकूंचा पाय खाली आहे ना?"

काकू हसल्या. हेडमास्तर हसले नाहीत. माणूस वाईट नव्हे हो. शिकवलेल्या प्रत्येक मुलासाठी नाव घेऊन प्रार्थना करणारा. पण मला राग येतो तो याच गोष्टीचा. नळाला पाणी आलं नाही की हीच मंडळी नगरसेवकाच्या दारात हात जोडून उभी. दाखला हवा, दिवा हवा, गटार तुंबलं, की अर्ज घेऊन हजर. तेव्हा राजकारण चालतं. फक्त मत द्यायचं म्हटलं की ते घाणेरडं होतं! मोरी घाण झाली म्हणून कोणी घासायची सोडतं का? आणि सिस्टर काही फक्त तुमच्याच जखमा बांधत नव्हती. त्या दारात कोणाला कधी देव विचारला गेला नाही. शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणून माझ्यावर बसून इतके उपदेश ऐकलेत, मग शेजाऱ्याचा दवाखाना वाचवण्यात कसला विटाळ?

मतदानाचं केंद्र दरवेळी आमच्याच आवारात असतं. अंगणापलीकडे चर्चचं सभागृह आहे, तिथं. आणि दरवेळी मला उचलून तिकडे नेतात, कारण म्हाताऱ्या मतदारांना टेकायला काहीतरी लागतं. त्यामुळे मी या चर्चमधला सगळ्यात अनुभवी मतदानवाला आहे. बोटांवरची शाई पाहिली, थरथरते हात पाहिले, काठी टेकत चार गल्ल्या ओलांडून आलेली आजी पाहिली. फक्त माझ्यावर दर रविवारी बसणारी माणसं तिथं क्वचित पाहिली.

या वेळी तसं होणार नाही, असं मला वाटलं होतं. कारण हेडमास्तरांनी मोठ्या मनानं जाहीर केलं, "सिस्टरसाठी आपण मतदानाच्या दिवशी उपवास-प्रार्थना ठेवू. सकाळी सातपासून. आणि पाच वाजता सगळे मिळून रांगेनं मत द्यायला जाऊ. बघू दे वॉर्डाला, ख्रिस्ती मंडळी एक आहे ते."

सिस्टर म्हणाली, "सर, पाळ्या लावा. दहा जण प्रार्थनेत, दहा जण मत देऊन येतील. मी जन्मभर पाळ्यांवर काम केलंय, त्यात काही अडत नाही."

"छे छे. एक उठला की दुसरा उठतो, तिसरा चहाला जातो. उपवास मोडतो. एकत्रच जाऊ."

झालं. मतदानाच्या दिवशी मी सभागृहात, माणसं चर्चमध्ये. मतदान अधिकारी म्हणून एक कारकून आले होते, सज्जन गृहस्थ. खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे पलीकडचा शब्द न् शब्द इकडे येत होता. ठेकेदाराची माणसं रिक्षा भरभरून येत होती. चार वाजले. पाचला दहा मिनिटं कमी असताना हेडमास्तरांनी समारोपाची प्रार्थना सुरू केली. मी मनात म्हटलं, आता येतील.

हेडमास्तरांनी आधी देशासाठी मागितलं. मग पावसापाण्यासाठी, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी, प्रवासातल्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, आणि आजाऱ्यांची तर त्यांना नावं पाठ. साडेपाच वाजले. कारकून शिपायाला म्हणाले, "ही शेजारची मंडळी येणार आहेत की नाहीत? यादीत एवढी नावं कोरी आहेत." शिपाई म्हणाला, "देवाशी बोलतायत साहेब. लाइन लागली असेल." मला हात असता तर कपाळावर मारून घेतला असता. पाय चार आहेत, पण एकही कामाचा नाही.

पावणेसहाला हेडमास्तर निवडणुकीवर आले. "हे देवा, योग्य माणसालाच निवडून दे." फार सुंदर शब्द होते. असा आवाज लागला होता की रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले. आणि सहाच्या ठोक्याला शिपायानं सभागृहाचं दार लावलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी त्रेसष्ट माणसं रांगेनं आली. सगळ्यांच्या हातात ओळखपत्रं, चेहरे अगदी शांत. हेडमास्तरांनी दार वाजवलं. कारकून बाहेर जाऊन म्हणाले, "सर, वेळ संपली. मी काहीही करू शकत नाही." हेडमास्तर म्हणाले, "अहो, आम्ही सकाळपासून इथंच आहोत." कारकून म्हणाले, "तेच तर म्हणतो मी, सर."

सिस्टर एकोणतीस मतांनी पडली.

मला नंतर कळलं की ती साडेपाचला चर्चच्या दाराशी गेली होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. ती दोनदा खोकली. चालू प्रार्थना कशी मोडायची, म्हणून परत फिरली. मला तिचाही राग आला. आयुष्यभर उपासनेतून उठून गेली ती दुसऱ्यांसाठी. एकदा स्वतःसाठी आत घुसून ओरडली असती तर काय बिघडलं असतं?

"देवाची इच्छा," असं मंडळी म्हणाली आणि घरी गेली. तीन महिन्यांत दवाखान्याची पाटी उतरली. ती दोन खोल्यांची इमारत पाडायला एक सकाळ पुरली. काकूंना पट्टीसाठी दोन बस बदलून मोठ्या इस्पितळात जावं लागायचं. दिवसाआडची पट्टी आठवड्यावर गेली, मग जमेल तेव्हा. जखम खोल गेली आणि शेवटी इस्पितळानं डाव्या पायाचं एक बोट काढलं.

त्याच सुमारास निवडून आलेल्या ठेकेदारानं चर्चला प्लास्टिकच्या शंभर खुर्च्या भेट दिल्या. मंडळीनं टाळ्या वाजवून त्याचे आभार मानले! माझे आठ भाऊ मोडीत गेले. मला तेवढं दाराबाहेरच्या ओट्यावर टाकलं, चपला काढताना टेकायला आणि ठेवायला. माझा एक पाय कुजलाय, त्याखाली वीट आहे.

पण इस्पितळातून आल्यावर काकूंना खुर्चीत बसता येईना. पाय लांब करायला जागा लागायची. मग त्या ओट्यावर माझ्याकडे यायला लागल्या. चपला बाजूला सारून सिस्टर त्यांचा पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायची आणि उघड्या दारातून उपासना ऐकत पट्टी बदलायची.

गेल्या रविवारी आत हेडमास्तर प्रार्थनेला उभे राहिले. काकूंचा बाकीचा पाय वाचला म्हणून त्यांनी आभार मानले. मग आवाज चढला. "हे देवा, आमच्या वॉर्डाला पुन्हा दवाखाना दे. चांगले राज्यकर्ते दे."

"अहो," काकू ओट्यावरून म्हणाल्या.

आतला आवाज थांबला. या चर्चमध्ये कोणी कधी प्रार्थना तोडली नव्हती.

"अहो, त्यानं सगळं दिलं होतं की. सिस्टर दिली. मतदानाची खोली आपल्याच अंगणात दिली. दिवसभराचा वेळ दिला. आता बटणही त्यानंच येऊन दाबायचं का? मी पण तिथंच होते, डोळे मिटून. म्हणून बोलतेय."

आत एक खुर्ची सरकली. हेडमास्तर बाहेर आले आणि माझ्यावर, बायकोच्या पायाशी बसले. त्यांचं वजन मला पाठ आहे. इतके जड ते कधीच नव्हते.

"सिस्टर," ते खाली बघत म्हणाले, "पुढची निवडणूक कधी?"

"चार वर्षांनी, सर."

"चार वर्षं..."

"घ्या तोवर तयारी करून," काकू म्हणाल्या. "मी माझी नऊ बोटं सांभाळते."

मी काही चार वर्षं टिकायचा नाही. वीट सरकली की माझा कारभार आटोपला. तेव्हा मंडळी, माझं मागणं आत्ताच ऐका. प्रार्थना करा, खूप करा. ती ऐकतच मी म्हातारा झालोय. पण मतदानाच्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी अंगण ओलांडा, मत देऊन या, मग हवे तितके डोळे मिटा. आणि तुमच्यातलं कोणी सिस्टरसारखं उभं राहिलं, तर त्याला चिखलात गेला म्हणू नका, त्याच्याबरोबर चाला. मी लाकूड असून दर निवडणुकीला तिथवर गेलो. तुम्हाला तर पाय आहेत.