एक नंबरचे दोन राउटर

सोमवारी सकाळी जावयाची बायको वेळेवर नोकरीवर रुजू झाली आणि दोन्ही दुकानांमधला बोगदा ठणठणीत चालू होता. ही बातमी अजून कुणालाच कळलेली नाही, असं धरून चालू. जावयाला तर कळलेली नव्हतीच. तो रविवारी दुपारी थोरल्या मेहुण्याच्या चष्म्याच्या दुकानात, टेबलाखाली, राउटरशेजारी आडवा पडला होता.

थोरल्याचं दुकान रस्त्याच्या या टोकाला, धाकट्याचं त्या टोकाला. काचा त्याच, भाव तेच, आणि अबोला एकच, दोघांत मिळून वापरलेला. गिऱ्हाइकांच्या चष्म्यांची माहिती मात्र दोघांनाही लागायची. म्हणून त्यांची बहीण, म्हणजे जावयाची बायको, रोज संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन या टोकाहून त्या टोकाला जायची. सोबत टोमणेही न्यायची. "दादाला सांग, त्याच्या फ्रेमा घातल्यावर माणूस आरशात बघायचं सोडतो." पोचवला. "त्याला सांग, त्याच्या दुकानात माणूस शिरायचंच सोडतो." हाही पोचवला.

आता तिला एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. तिने नवऱ्याला बजावलं, "उद्यापासून मी काही वायर म्हणून काम करणार नाही. तुझं ते व्हीपीएन आजच कर. नाही झालं तर हे दोघं मला नोकरीवर जाऊ देतायत होय!"

काम तसं सोपं होतं. इंटरनेटच्या भर गर्दीतून दोन राउटरांमध्ये खासगी बोगदा काढायचा. आतला मजकूर कुलूपबंद, किल्ली दोन्हीकडे सारखी. जावयाने दोन्ही दुकानांत जाऊन लांबलचक किल्ली घातली. बोगदा जोडला गेला, हिरवा दिवा लागला, आणि पलीकडे काही म्हणता काही पोचेना.

दोन्ही राउटर कंपनीतून येतानाच आपलं नेटवर्क एक नंबरचं असं ठरवून आले होते. दोन्हीकडे आकडा एकच, त्यामुळे धाकट्याने थोरल्याची फाइल मागवली की राउटर ती धाकट्याच्याच दुकानात शोधायचा आणि हात हलवत परत यायचा.

"दादा, तुमचा आकडा दोन करतो," जावई टेबलाखालून म्हणाला.

"कुणाचा?"

"नेटवर्कचा. कुणाला दिसतसुद्धा नाही."

"मला माहीत असेल ना! थोरला मी आणि दोन नंबर मी? त्याला करा."

जावई रस्ता तुडवत धाकट्याकडे गेला.

"जावईबापू, मी वेगळं दुकान कशाला काढलं? दोन नंबर राहायचं नव्हतं म्हणून. आता हे यंत्र मला दोन नंबर करणार?"

"यंत्राच्या मनात काही नसतं हो."

"तुम्ही त्याची बाजू घेऊ नका."

जावई परत फिरला. परत आला. पुन्हा गेला. सूर्य कलला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की बोगदा आता आपणच झालो आहोत, आणि तोही कुलूप नसलेला, कारण वाटेतला न्हावी निकाल विचारायला लागला होता.

शेवटी त्याने बायकोला फोन लावला. तिने आधी थोरल्याला फोनवर घेतलं. "दादा, तू दहा नंबर. भाऊ तुझ्या मागे, वीसवर."

"असं नीट सांगायला काय होतं जावईबापूंना?" थोरला म्हणाला.

मग धाकट्याला. "भाऊ, तुला वीस दिलाय. दादाच्या दुप्पट."

"बघ, कुणाला तरी माझी किंमत आहे," धाकटा म्हणाला.

जावयाने आकडे बदलले. पहिली फाइल पलीकडे पोचली, दुसरी अलीकडे आली.

आठवडाभर फाइली सुरळीत गेल्या आणि टोमणे साचत गेले. धाकट्याने एक टाइप करून पाठवून पाहिला. थोरल्याने तो वाचला आणि नेहमीचं बिल समजून छापून ठेवला. शनिवारी दोघांनी वेगळं झाल्यापासून पहिल्यांदाच एका कागदावर सह्या केल्या, त्याही अगदी शेजारीशेजारी, कुणाची वर नाही. कागद अर्थातच जावयाने इकडून तिकडे नेला. बायकोच्या साहेबांना लिहिलं होतं:

"सदर कर्मचारी ही अर्जदारांची एकुलती एक बहीण आहे. नवीन बोगद्यातून कौटुंबिक मजकूर मूळ आवाजात व योग्य त्या हावभावांसह पोचत नाही. सबब, तिला दररोज संध्याकाळी अर्धा तास, भरपगारी, उभय अर्जदारांकडे प्रतिनियुक्तीवर पाठवण्यात यावे, ही नम्र विनंती."