जमकुबेनचं मनगट

पंचवीस वर्षं मी बोटांनी चाचपून सांध्यात सुई घालतोय. जामनगरात माझ्या हाताचं नाव आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा तोराही होता. त्यात दवाखान्यात नवी आलेली डॉक्टर क्रुती संघाणी म्हणे, सोनोग्राफीत बघून टोचू या. मी म्हटलं, तू बघ, मी टोचतो.

त्या सकाळी जमकुबेन आल्या. साठीच्या, बांधणी बांधणाऱ्या. उजवं मनगट टम्म सुजलेलं.

"साहेब, नातीचं लग्न आहे. घरचोळं, तिची लग्नाची साडी, मला बांधायचंय. जमेल का, तेवढं सांगा."

"न जमायला काय झालं?" म्हणत मी नेहमीच्या जागी सुई घातली. क्रुतीने यंत्राची दांडी मनगटावर टेकवली.

"सर, औषध सोडू नका. टोक सांध्यात नाहीये."

"नाही कसं?"

पडद्यावर सुईची पांढरी रेघ सांध्याच्या बाजूलाच थांबली होती. हात म्हणत होता आत आहे, डोळे म्हणत होते बाहेर. ऐकायचं कुणाचं? मी सुई जरा मागे घेऊन डावीकडे वळवली, तर रेघ उजवीकडे गेली. आणखी वळवली, आणखी लांब गेली. क्रुतीलाही काही सुचेना.

"साहेब, चित्र उलटं आहे," जमकुबेन म्हणाल्या. "आम्ही कापड चौघडी करून बांधतो ना, उघडलं की डावं फूल उजवीकडे जातं. तसंच दिसतंय हे."

क्रुतीने दांडीवरची बाजू दाखवणारी खूण पाहिली आणि जीभ चावली. तिने दांडी फिरवली, मी सुई पुन्हा वळवली, आणि रेघ शहाण्यासारखी सांध्यात शिरली. औषध आत पसरताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"म्हणजे आधी आत जात नव्हतं?" जमकुबेननी विचारलं.

"कधी गेलं असेल, कधी नसेल," मी कबूल केलं.

पाच वर्षं दर सुईला मी त्यांना म्हणत आलो होतो, सहा महिने आराम पडेल. त्या कधी सहा महिन्यांनी यायच्या, तर कधी दुसऱ्याच महिन्यात, ओशाळून. मग मी ओरडायचो, हात जपत नाही तुम्ही.

"तुम्ही रागवायचात म्हणून बारीक काम सोडलं मी," त्या म्हणाल्या. "सुनेला दिलं. आता नुसते मोठे ठिपके बांधते."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं.

"तीन दिवस हात हलवू नका," मी म्हणालो. "मग घरचोळं तुम्हीच बांधा, बारीक ठिपक्यांचं. चूक तुमच्या हाताची नव्हती, जमकुबेन."

त्यांनी गोंधळून आपल्या हाताकडे पाहिलं. "मग कुणाच्या हाताची?"

क्रुती खाली मान घालून दांडी पुसत राहिली. मी माझा हात टेबलावर त्यांच्या हाताशेजारी ठेवला.