फुकटाविरुद्ध पहिला नंबर

नितेशचं नशीब पाहा. स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढली आणि हाती आली कोणती, तर विरोधी बाजू. वादविवादाचा विषय होता, सरकारी कॉलेजातलं शिक्षण मोफत असावं की नाही. आणि पहिलं बक्षीस काय, तर वर्षाची सगळी फी माफ! म्हणजे फुकट शिकायचं असेल तर फुकट शिकणं किती वाईट, ते आधी पटवून द्या. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला कोपरापासून नमस्कार.

नितेशला ते बक्षीस हवंच होतं. त्याचे वडील सूर्यभान अकोटच्या जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. यंदा जिनिंग अर्ध्या हंगामातच बंद पडली आणि पोराची शेवटच्या वर्षाची फी राहून गेली. शनिवारपर्यंत भरली नाही तर परीक्षेचं हॉल तिकीट नाही. म्हणून माय मनकर्णाबाईची शिलाई मशीन विकायची, असं घरात ठरलं होतं. गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं.

मोफतच्या बाजूने स्वराली बोलली. अमरावतीतल्या बड्या डॉक्टरांची लेक. फीपायी गरिबांची पोरं कशी मागे राहतात हे तिने खरोखर कळवळून सांगितलं. पहिल्या रांगेत तिचे वडील मोबाईलवर शूटिंग करत होते. नितेशला तिचं एकूण एक वाक्य पटत होतं, आणि तीच तर पंचाईत होती.

मग हा उठला. याला एक मामा आठवला, जो त्याला नव्हताच. मामाला म्हणे योजनेत शिलाई मशीन फुकट मिळाली आणि आता तिला तो बकरी बांधतो. सभागृह खो खो हसलं. पोरगं रंगात आलं. फुकटाची माणसाला कदर नसते, घाम गाळून भरलेली फीच पोराला पुस्तकाशी बसवते, असं काय काय तो बोलत गेला. शेवटी तर ठरवलेलं नसताना म्हणून गेला, "ज्याला इज्जत आहे, तो फुकटाला हात लावत नाही!" टाळ्या थांबेनात.

पहिला नंबर नितेश, दुसरा स्वराली.

बक्षीस देणारे यादवरावजी अकोल्याचे जुने वकील. विद्यार्थीदशेत रोज वेगळ्या घरी फुकट जेवून शिकले आणि ते मोठ्या अभिमानाने सांगतात. त्यांनी नितेशला शाल पांघरली, हाती नारळ दिला आणि माईक धरला. या मुलाने माझे डोळे उघडले, म्हणाले. अशा स्वाभिमानी मुलाच्या हातावर फुकटची फी ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. ती आपण स्वरालीची भरू, तिचा मोफत शिक्षणावर विश्वास आहे. मग त्यांनी माईक नितेशच्या तोंडापुढे केला.

"बरोबर ना, बेटा?"

आता एवढंच म्हणायचं होतं, की नाही सर, मला पाहिजे. घरी हाच पोरगा एकाला दहा उत्तरं देतो. पण सगळं सभागृह त्याच्याकडे कौतुकाने पाहत होतं, आणि असं कौतुक त्याच्या वाट्याला जन्मात पहिल्यांदा आलं होतं. मूर्ख कुठला!

"बरोबर आहे, सर."

या वेळच्या टाळ्या आधीपेक्षाही मोठ्या होत्या. डॉक्टरांनीही वाजवल्या.

अकोटच्या एसटीत खिडकीशी बसला तेवढ्यात मायचा फोन आला.

"आला काय रे पह्यला?"

"आलो, माय."

"लय चांगलं झालं बाप्पा!" ती हसत होती आणि रडतही होती. "मंग मशीनवाल्याले वापस धाडू ना? केव्हाचा येऊन बसेल हाये."

नितेशने मांडीवरचा नारळ उगाच फिरवला. शाल अजून खांद्यावरच होती.

"बसू दे त्याले, माय," तो म्हणाला.