दोऱ्याच्या मागे

अळीच्या कमरेला रेशमी दोरा करकचून बांधणं हेच बाईंचं संशोधन. कोश होण्याचा हुकूम देणारं संप्रेरक अळीच्या छातीत तयार होतं आणि दोऱ्यापाशी अडतं. मग पुढचा भाग तपकिरी कोश होतो, मागचा हिरवा, मऊ तसाच राहतो. तिथल्या पेशी मेलेल्या नसतात. कोश व्हायची वेळ झाली हे त्यांना कुणी कळवलेलंच नसतं.

भावाशी बिनसलं तेव्हा ‘तुझं तोंड पाहणार नाही’ म्हणून बाईंनीच त्याचा नंबर ब्लॉक केला होता. हट्टाला पेटल्या की त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

आज दुकानात भावाची शेजारीण भेटली. “काय आत्याबाई! भाची दुडूदुडू पळायला लागली की हो!”

“हो ना, भारी द्वाड आहे,” बाई हसून म्हणाल्या, जसं काही सगळं ठाऊकच होतं.

प्रयोगशाळेत परतल्यावर त्यांनी सकाळी दोरा बांधलेल्या अळीच्या मागच्या भागाला सुई लावली. तो हलला.

भाचीचं नाव काय, एवढंही आता शेजारणीला विचारायची सोय उरली नव्हती.